नवरीची खोली: आदल्या संध्याकाळपासून मामा दारात येईपर्यंत

कार्यालय बघायला गेल्यावर आपण काय बघतो? हॉल केवढा आहे, एका पंगतीला किती पानं बसतात, गाड्या कुठं लागतील. वधूपक्षाच्या खोलीत दारातूनच डोकावतो, "एसी आहे ना?" एवढं विचारतो आणि पुढं जातो. लग्नाच्या दिवशी मात्र नवरी त्याच खोलीत चार-पाच तास काढते. तिची आई, करवली, आत्या, मेकअपवाली, फोटोग्राफर, ओटीचं सामान, फराळाचे डबे, सगळं तिथंच येऊन पडतं.

मी चौदा वर्षं सातारा-कराड भागात नवरी मुलींना नऊवारी नेसवायला जाते. पैठणी कितीही भारी असो, खोली लावलेली नसेल तर नवरी घामाघूम होऊन, रडवेली होऊन मांडवात जाते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आणि साध्याशा खोलीतून शांत, हसऱ्या चेहऱ्यानं निघालेल्या मुलीही पाहिल्यात. फरक पडतो तो आदल्या संध्याकाळी कुणीतरी दोन तास दिले की नाही, यानं. ते दोन तास कसे द्यायचे, ते इथं लिहिते.

मनात एक गोष्ट धरून ठेवा. नवरी ज्या क्रमानं तयार होते, त्याच क्रमानं खोली लावायची: अंघोळ, केस आणि चेहरा, साडी, दागिने, गौरीहर. बाथरूमकडून दाराकडे असा हा प्रवास व्हावा. साडी नेसल्यावर तिला कशासाठीही मागं वळावं लागता कामा नये.

आधी घड्याळ

खोलीला हात लावण्याआधी वेळेचा कागद करा. मुहूर्तापासून उलटं मोजत यायचं. समजा मुहूर्त १२.२० चा आहे. गौरीहर पुजायला नवरी ११.३० ला पाटावर बसलेली हवी. दागिन्यांना अर्धा तास, म्हणजे ११ वाजता साडी नेसून झालेली हवी. नऊवारी नेसवायला मला पंचवीस मिनिटं लागतात, मी पस्तीस धरते. म्हणजे १०.२५ ला केस आणि मेकअप संपले पाहिजेत, आणि त्या दोन्हीला दोन तास धरले तर ८.२५ ला ती खुर्चीत बसलेली हवी. अंघोळ आणि खाणं त्याच्या आधी.

हे सगळं गुरुजींना विचारून पक्कं करा, कारण कित्येक घरांत पुण्याहवाचन सकाळीच असतं आणि तिथं आईवडिलांशेजारी मुलगीही बसते. तो पाऊण तास कागदावर नसला की पुढचं सगळं कोसळतं. कागदाच्या दोन प्रती काढा. एक आरशाला चिकटवा, दुसरी दारावर बसणाऱ्या बाईकडे द्या.

आदली संध्याकाळ: रिकामी खोली

बहुतेक कार्यालयं आदल्या दिवशी संध्याकाळी ताबा देतात. गाद्या-बॅगा आत येण्याआधी, खोली रिकामी असतानाच तिची तपासणी करा. एकदा सामान पसरलं की भिंतीजवळचा पॉइंटसुद्धा दिसत नाही.

पहिल्यांदा बाथरूम. गरम पाणी खरंच येतं का, किती वेळानं येतं, निचरा तुंबलाय का, कडी आतून नीट लागते का, टांगायला खुंटी आहे का. फरशी कोरडी करणारा वायपर आणि एक जाड पायपुसणं तिथं ठेवा. सकाळी त्या बाथरूममध्ये आठ-दहा जणी अंघोळ करणार असतील तर तसं होऊ देऊ नका. त्यांच्यासाठी दुसरी खोली ठरवा. ओली फरशी आणि रेशमी साडी यांचं कधीच जमत नाही.

मग वीज. इथं मी थोडी थांबते, कारण सगळ्यात जास्त खोळंबा इथंच होतो. भिंतीवरच्या लहान पॉइंटला, म्हणजे ६ अँपियरच्या, साधारण १,३०० वॉटच्या वर भार देऊ नये. स्ट्रेटनर, कर्लर फार वीज खात नाहीत. पण हेअर ड्रायर १,२०० ते २,००० वॉटचा असतो, इस्त्री १,००० च्या आसपास, वाफेची इस्त्री त्याहून जास्त. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ड्रायर आणि इस्त्री लावली की फ्यूज गेलाच समजा. म्हणून खोलीत १६ अँपियरचा मोठा पॉइंट कुठं आहे ते शोधा आणि मेकअपची खुर्ची त्याच्या जवळ लावा. इस्त्री त्या खोलीत आणूच नका. साड्या घरीच इस्त्री करून, हँगरला लावून आणायच्या. पैठणीला किंवा शालूला उलट्या बाजूनं, वर सुती कापड ठेवून, मंद आचेवर इस्त्री फिरवा.

"जनरेटर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. जनरेटरवर या खोलीतलं नेमकं काय चालतं, ते विचारा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका कार्यालयात साडेनऊला वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला, दिवे लागले, पंखे फिरले, पण पॉवर पॉइंट मात्र मेलेले. नवरीचे केस डाव्या बाजूला कुरळे, उजवीकडे सरळ. शेवटी आम्ही सगळे केस मागं घेऊन साधा अंबाडा घातला आणि त्यावर गजरा माळला. ती सुंदरच दिसत होती, पण तिच्या मनात वेगळी केशरचना होती आणि फोटो बघताना तिला ते आजही आठवतं. तेव्हापासून मी मॅनेजरला मेन स्विच पाडून दाखवायला सांगते. कुणाला राग आला तरी चालेल.

उजेड आणि आरसा

खोलीतल्या आरशावर बहुधा एक पांढरी ट्यूब असते. वरून पडणाऱ्या उजेडानं डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली येते, मग मेकअपवाली तिथं जास्त पावडर चढवते आणि बाहेर उन्हात चेहरा राखेसारखा दिसतो. उजेड चेहऱ्याच्या उंचीवर, आरशाच्या दोन्ही बाजूंनी हवा. दोन साधे स्टँड आणि दोन एलईडी बल्ब घरून न्या. बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा बघा: ४,००० के (केल्विन) लिहिलेला घ्या. ३,००० चा पिवळट पडतो, ६,५०० चा निळसर. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, दिलेला असेल तर ९० च्या वरचा निवडा, त्यात हळदीची छटा आणि कुंकवाचा लाल खरा दिसतो.

खिडकी असेल तर खुर्ची अशी ठेवा की नवरीचं तोंड खिडकीकडे होईल. उत्तरेकडची खिडकी असली तर नशीबच, दिवसभर सारखा उजेड मिळतो. खिडकीतून आतलं दिसू नये म्हणून लोक काचेवर वर्तमानपत्र चिकटवतात आणि खोलीत अंधार करून घेतात. त्याऐवजी बटर पेपर लावा. उजेड गाळून आत येतो आणि बाहेरच्याला काही दिसत नाही. बाथरूमची झडपसुद्धा तेवढीच काळजीपूर्वक बघा. संध्याकाळी दिवे लावून, एका मुलीला आत उभं करून, स्वतः बाहेर जाऊन बघायचं.

आरसे दोन लागतात. एक बसून चेहरा दिसेल असा, दुसरा उभ्यानं पावलांपर्यंत दिसेल असा. कार्यालयात दुसरा नसतो. घरच्या कपाटाचा आरसा निघत असेल तर तो आणा, नाहीतर भाड्यानं मिळतो. खुर्ची बिनहाताची, ताठ पाठीची. प्लॅस्टिकच्या हातांच्या खुर्चीत चुडा घातलेले हात आपटत राहतात.

साडीची जागा

खोलीच्या मधोमध साधारण सहा फूट बाय सहा फूट जागा पूर्ण मोकळी ठेवा. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. नेसवणारी गुडघ्यांवर बसून नवरीभोवती फिरते, एक जण कापड तोलून धरते. निऱ्या घालून ओचा बसवायचा, काष्टा मागं खोचायचा, तर चहूबाजूंनी हात फिरला पाहिजे. तिथं धुतलेली सुती चादर अंथरा, गुळगुळीत सतरंजी नको, ती पायाखाली सरकते. चादरीच्या चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा.

चादर अंथरण्याआधी एक काम अनवाणी करा. त्या जागेवर आणि तिथून दारापर्यंत चालत जा, तळपाय घासत. मग भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या कडांवर तळहात फिरवा. कुठं खिळा, पत्र्याची धार, फुटकी फरशी असेल तर हाताला लागते. मांडववाले तोरण लावताना चौकटीला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकतात आणि निम्म्या बाहेर ठेवतात. जरीचा एक धागा त्या चुकेत अडकला की काठ चुण्या होऊन ओढला जातो, तो परत सरळ होत नाही. मी पर्समध्ये सेलोटेप ठेवते ती याचसाठी.

पिना तीन मापांच्या आणा, दोन-दोन डझन. जाड पिन जरीच्या पदरात घालू नका, भोक राहतं. पिनेच्या वेटोळ्यात कापड अडकू नये म्हणून आधी एक बारीक मणी ओवून घ्या, मग पिन लावा. पदर चापून बसतो आणि संध्याकाळी पिन सहज निघते.

ब्लाउज मेकअपच्या आधी घालायचा. हातात हिरवा चुडा भरलेला असतो, तो आदल्या दिवशीच चढतो आणि घट्ट बाहीतून हात घालायला वेळ लागतो. तयार चेहऱ्यावरून ब्लाउज ओढायची वेळ आली तर ब्लाउजच्या गळ्याला फाउंडेशन लागणार. वरून पुढं बटणं असलेला जुना शर्ट घाला, तो नंतर उतरवायला सोपा. पैंजणही साडीच्या आधी, नंतर वाकता येत नाही. नऊवारीला परकर नसतो, आत घोट्याच्या वर राहील अशी साध्या सुती कापडाची चड्डी किंवा लेगिंग घालायची. आणि साडी हातात घेण्याआधी तिला बाथरूमला जाऊन यायला सांगा. ती "नको" म्हणाली तरी पाठवा.

फुलं

गजरे सकाळी सहा-सातला येतात आणि माळायचे असतात दहाला. ते कार्यालयाच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवू नका, कांदा-लसणाचा वास मोगऱ्याला लगेच लागतो. ओल्या, पिळून काढलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, झाकण किंचित उघडं असलेल्या स्टीलच्या डब्यात, खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. केळीचं पान मिळालं तर त्यात गुंडाळलेले आणखी टिकतात. माळण्याआधी गजरा झटकून घ्या. पाण्याचा थेंब रेशमावर पडला की डाग उमटतो.

मुंडावळ्या मोत्यांच्या असोत की फुलांच्या, एक जोड जास्तीचा ठेवा. दोरा तुटतो तो मुहूर्ताला दहा मिनिटं असतानाच.

सोन्याचं ताट

दागिन्यांची जबाबदारी एकाच बाईची. ती आई नको. आईला दर पाच मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं, कधी आचारी, कधी गुरुजी, कधी व्याही. एखादी आत्या, काकू, जिला मांडवात काही काम नाही आणि जी जागेवरून हलणार नाही, ती निवडा. तिच्याकडे यादी, यादीसोबत प्रत्येक दागिन्याचा फोनवर काढलेला फोटो, आणि कपाटाची किल्ली. कपाटाला कुलूप आपलं घरचं लावा.

ताटात पांढरा नॅपकिन पसरून दागिने घालायच्या क्रमानं मांडा. गळ्यातलं आखूड ते लांब: ठुशी, मग तन्मणी, मोहनमाळ, सगळ्यांत शेवटी लक्ष्मीहार. दंडाला बाजूबंद. कानातले आणि त्यांचे वेल केस बांधून झाल्यावर, नाहीतर केसांत अडकतात. नथ अगदी शेवटी. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ लागते, ती आदल्या रात्री दहा मिनिटं घालून बघा, फार दाबली तर डोळ्यांतून पाणी येतं आणि काजळ उतरतं. ठुशीच्या मागचा दोरा जुना, विरलेला असेल तर तो आदल्या संध्याकाळीच बदलून घ्या.

दागिने घातले की यादीवर खूण करायची. काढून परत आले की दुसरी खूण. लग्नघरात सोनं हरवतं ते बहुतेक वेळा चोरीनं जात नाही, नॅपकिनात गुंडाळून कुणाच्या तरी पिशवीत जातं.

गौरीहराचा कोपरा

ज्यांच्याकडे गौरीहर खोलीतच पुजायचा असतो, त्यांनी त्यासाठी दाराजवळचा कोपरा राखून ठेवावा. तिथं पाट, नवरीला बसायला दुसरा पाट, तांदूळ, हळदकुंकू, फुलं, निरंजन आणि माहेरची अन्नपूर्णा. सुगडी किंवा बोळकी रचायची पद्धत असेल तर ती सकाळीच रचून घ्या. अन्नपूर्णेची मूर्ती लहान असते, चांदीची असते, आणि "कुठल्या तरी बॅगेत आहे" असं ऐनवेळी ऐकायला मिळतं. ती सोन्याच्या ताटाबरोबर, त्याच बाईकडे द्या.

निरंजन लावायचं म्हणून हेअर स्प्रे आणि सेंटच्या बाटल्या त्या कोपऱ्यापासून लांब न्या. दोन्ही भडकन पेट घेतात. निरंजन लागल्यावर खोलीत स्प्रे मारायचाच नाही. पंख्याचा झोतही पदराकडून ज्योतीकडे येत नाही ना, ते बघा.

पुष्कळ घरांत यावेळी मामाकडची पिवळी साडी असते. ती नेसून मुलगी पाटावर बसते, अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहते आणि पुटपुटते, "गौरी गौरी सौभाग्य दे, दारी येतील त्यांना आयुष्य दे." शब्द घरागणिक थोडे बदलतात. सकाळपासून तिच्याकडे कुणी ना कुणी बघत असतं, तिला हलवत असतं, वळवत असतं. ही पहिली वेळ, जेव्हा ती स्वतः काहीतरी करत असते. त्या वेळी खोलीत आई आणि एखादी वडीलधारी, बस. बाकी सगळ्यांना बाहेर काढा. मी मेकअपच्या पेट्याही चादरीखाली झाकून ठेवते.

दारावर कोण

दारावर माणूस नेमला नाही तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. नऊ वाजल्यापासून "नुसतं बघून येते" म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्यांचं प्रेम खरं असतं, पण प्रत्येकीबरोबर दोन मिनिटं जातात आणि खोलीतली हवा कोंडते. दारावर अशी बाई हवी जी गोड बोलून थांबवू शकेल: "काकू, साडी नेसून झाली की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावते." आणि मग खरंच बोलावेल. आजी-पणजी असतील तर त्यांना आधीच आत नेऊन कोपऱ्यात खुर्ची द्या, त्यांना दारावर उभं करू नये.

फोटोग्राफरला आदल्या दिवशीच सांगा, दागिने चढवताना आत यायचं, त्याआधी नाही. दागिने, चपला, साडी यांचे सुटे फोटो हवे असतील तर ते दुसऱ्या खोलीत काढा. पुरुष कुणीही असो, हाक मारून, उत्तर आल्यावरच दार ढकलायचं.

खाणं, पाणी, पंखा

काही घरांत लग्न लागेपर्यंत नवरीचा उपास असतो. तिथंसुद्धा दूध, फळ, राजगिऱ्याचा लाडू चालतो का ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. रिकाम्या पोटी, उकाड्यात, होमाच्या धुरात मुली चक्कर येऊन बसतात. खायला द्यायचं ते एका घासात संपणारं: थालीपिठाचे छोटे तुकडे, केळ्याच्या चकत्या. लिंबू सरबत स्ट्रॉनं. कोकम सरबत कितीही आवडतं असलं तरी साडी नेसल्यावर नको, सांडलं तर डाग निघत नाही.

टेबलफॅन खालून, पायांकडे सोडा. छताचा पंखा जोरात असला की पावडर उडते आणि बटा चेहऱ्यावर येतात. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर मेकअप सुरू व्हायच्या आधी लावून खोली गार करून घ्या आणि केस सेट करताना बंद करा, ओलसर हवेत कुरळे केस तासाभरात सुटतात.

एका पिशवीत हे ठेवा आणि ती पिशवी आरशाच्या खुंटीला टांगा: सुईत आधीच ओवलेले लाल, हिरवा, पिवळा आणि सोनेरी दोरे, कात्री, टिकल्यांचं पाकीट, कापूस, खोबरेल तेल (अडकलेली अंगठी काढायला आणि पसरलेलं काजळ पुसायला), टाल्कम पावडर, सॅनिटरी पॅड, नवरीची नेहमीची गोळी, ओआरएस, टॉर्च. तेलाचा डाग साडीवर पडला तर घासू नका, त्यावर पावडर टाकून तशीच राहू द्या आणि नंतर झटका.

ती बाहेर पडल्यावर

मामा दारात येतो. त्याआधी दोन मिनिटं दारापासून मांडवापर्यंतची वाट कुणीतरी चालून बघावी: सांडलेलं पाणी, वायरी, काढलेल्या चपलांचा ढीग. मामानं हात धरला, ती उंबरा ओलांडून गेली की आपल्याला वाटतं काम झालं. मग सगळ्या अक्षता टाकायला धावतात आणि खोली उघडी राहते. जी दागिन्यांवर बसली होती तिनं सगळ्यांत शेवटी निघायचं, निरंजन शांत झालंय का बघायचं, ड्रायर-कर्लरचे प्लग काढायचे, मग कुलूप.

सप्तपदी झाली की पुष्कळ ठिकाणी ती साडी बदलायला परत येते, सासरचा शालू नेसायला. त्याची तयारी सकाळीच करून ठेवलेली असावी: शालू हँगरवर, त्याचा ब्लाउज आणि परकर त्याच हँगरला टाचलेला, धुतलेली दुसरी चादर, ओला नॅपकिन, पिण्याचं पाणी. यावेळी हातात वीस मिनिटंच असतात आणि बाहेर पंगत खोळंबलेली असते. उतरवलेली नऊवारी तिथंच कोंबू नका. घामानं ओली असते, पाच मिनिटं पंख्याखाली पसरा, पिना मोजून काढा, मग घडी.

पाठवणीची लहान बॅग वेगळी, दाराच्या मागं: रात्रीचे साधे कपडे, सपाट चपला, रुमाल, चार्जर, औषधं आणि अन्नपूर्णा. अन्नपूर्णा तिच्यासोबत सासरी जाते, ती बॅगेत ठेवताना आईला बोलवा आणि तिच्या हातानं ठेवू द्या.